लुगड्याची गाठ आणि नळीची जागा

रात्री साडेनऊच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली एकच ओळ: ‘सिस्टर, जरा बघा.’ फोटोत पोटाची कातडी, तिच्यातून बाहेर आलेली पांढुरकी नळी आणि नळीच्या तोंडाशी पिवळं काहीतरी. खोलीतला बल्ब पिवळा, गॉजची घडी पिवळी, कातडीवर हळदीचा डाग, तोही पिवळा. त्यात पू आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी लगेच फोन लावला. तीन प्रश्न विचारले. ताप आहे का? पोट दुखतंय का? आत्ता पोटातून काढलेल्या पाण्याची बॅग गढूळ आहे का? ताप नव्हता, पोट मऊ होतं आणि बॅगेमागे भिंतीवरचं कॅलेंडर धरलं तर तारखा स्पष्ट वाचता येत होत्या. म्हणजे संसर्ग पोटाच्या आत शिरलेला दिसत नव्हता. तो शिरला असता तर त्याच रात्री गाडी करून या म्हणाले असते. ‘सकाळी पहिल्या एसटीनं निघा, खपली काढू नका, वर आणखी काही लावू नका,’ एवढं सांगितलं. फोनवर होती ती पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या एका आजींची सूनबाई. ‘कधीपासून आहे?’ या प्रश्नाला ती म्हणाली, ‘आजच दिसलं.’

ते खरं नव्हतं, हे पुढे कळलं. आणि ती खोटं का बोलली, याचं उत्तर माझ्याकडेच निघालं.

मी चौदा वर्षं पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना बॅगा लावायला शिकवते आहे. हे प्रकरण गेल्या उन्हाळ्यातलं. ओळख पटेल असं यात काही ठेवलेलं नाही.

आजी आणि त्यांचं घर

आजींचं वय 61. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं गाव. अठरा वर्षांचा मधुमेह, त्यातून दोन्ही किडन्या गेल्या. मशीनवरचा डायलिसिस आधी करून पाहिला होता. हातावर फिस्टुला, म्हणजे मशीनला रक्त द्यायला शीर आणि धमनी यांचा जोड, दोनदा केला, दोन्ही वेळा बंद पडला. शिवाय आठवड्यातून तीनदा लांबच्या केंद्रावर जायचं म्हणजे मुलाचा खाडा ठरलेला. म्हणून ऑक्टोबरात पोटात नळी बसवली आणि घरीच डायलिसिस सुरू झाला. दिवसातून चार वेळा दोन लिटरची बॅग. आधीचं पाणी काढायचं, नवं सोडायचं, चार ते सहा तास पोटात ठेवायचं, रात्रीचं सकाळपर्यंत.

हे सगळं सूनबाई करायची. वय 29, बारावी झालेली, घरात शिलाई मशीन, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून देते. सासूला ती ‘आत्या’ म्हणते. शिकवायला बसली तेव्हा तिनं वहीत सगळ्या पायऱ्या आकड्यांनिशी लिहून काढल्या होत्या. दहा दिवसांत तिचा हात असा बसला की माझ्याकडच्या नव्या मुलींना मी तिला बघायला बसवलं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. आतल्या खोलीत बॅगांचे खोके, एक टेबल, एक हूक. पाणी टँकरचं, ड्रममध्ये साठवलेलं. मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते त्या भागातल्यांना सांगायला नको. त्यात बॅग लावताना फॅन बंद आणि दार लावलेलं. फॅन फक्त नळी जोडताना आणि सोडवताना बंद हवा, कारण तेव्हा टोक उघडं असतं आणि धूळ उडते. जोडून झालं की फॅन लावायला हरकत नाही. पण हे लोक भीतीनं सगळा अर्धा-पाऊण तास फॅनशिवाय बसत. दिवसातून चारदा. आजींच्या पोटावरची पट्टी घामानं भिजून सुटायची आणि परत चिकटवली जायची.

ही नळी पोटात राहते कशी

वर्षानुवर्षं पोटात राहील अशी नळी सिएटलच्या डॉ. हेन्री टेंकहॉफ यांनी 1968 साली वर्णन केली. आजही जगभर थोड्याफार फरकानं तीच वापरतात. सिलिकॉनची मऊ नळी, तिच्यावर फेल्टसारख्या खरखरीत कापडाच्या दोन कड्या. आतली कडी पोटाच्या स्नायूत बसते, बाहेरची कातडीखाली, नळीच्या तोंडापासून दोनेक सेंटिमीटर आत. काही आठवड्यांत शरीर या कड्यांमध्ये आपले धागे विणतं आणि नळी रुजते. जंतूंना बाहेरून आत यायचं तर या दोन चौक्या ओलांडाव्या लागतात.

म्हणजे नळीचं तोंड ही जखम असली तरी ती कधी बंद न होणारी जखम आहे. कातडी नळीभोवती आत वळते आणि कानाच्या पाळीच्या भोकासारखी स्थिरावते. नवं कानातलं घातल्यावर झोपेत उशीत अडकून ओढ बसली तर काय होतं ते आठवा. कान आधी लाल होतो, मग चिघळतो. कुणी घाणेरड्या हातानं तो धुतलेला नसतो. नळीचंही तसंच. ओढ बसली की आत वळलेली कोवळी कातडी फाटते आणि आपल्या अंगावर एरवी निमूट राहणारा जंतू त्या फटीत घर करतो. सिलिकॉनवर त्याचा बुळबुळीत थर बसला की औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही.

मराठीत आपण ‘जंतुसंसर्ग’ म्हटलं की पुढचा शब्द ‘अस्वच्छता’ हाच येतो. या प्रकरणात त्या जोडीनं आठ दिवस वाया घालवले.

तपासणी

सकाळी अकराला आजी, मुलगा, सूनबाई आणि मुलाची बहीण असे चौघे आले. बहीण म्हणजे सूनबाईची नणंद, लग्नानिमित्त माहेरी आली होती आणि तिथेच राहिली होती.

पट्टी काढली. आधी खारट पाण्यानं, म्हणजे सलाइननं, हळद आणि तेल भिजवून हळूच पुसून घेतलं. हळदीखाली कातडी लाल होती, सुमारे दीड सेंटिमीटरपर्यंत. तोंडाशी जाड खपली. कातडीखालून नळी जिथून येते त्या बोगद्यावर बोट ठेवून बाहेरच्या कडीपासून तोंडाकडे हळू दाबत आणलं आणि पुवाचा एक थेंब आला. आजींनी दात आवळले.

सूज, खपली, लाली, दुखणं आणि स्राव या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन असे गुण द्यायची एक पद्धत आहे. चार किंवा त्याहून जास्त झाले की संसर्ग धरायचा. पू दिसला तर गुण मोजायचीही गरज नाही, एकटा पू पुरेसा. आजींचे सात झाले.

पू कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवला, औषधाचा पहिला डोस द्यायच्या आधी. हा क्रम चुकला की रिपोर्टमध्ये काही उगवत नाही आणि मग अंधारात गोळ्या माराव्या लागतात. पोटातलं पाणीही पाठवलं. त्यात पांढऱ्या पेशी 100 च्या बऱ्याच खाली निघाल्या, म्हणजे आतला पडदा सुरक्षित होता. सोनोग्राफीत बाहेरच्या कडीभोवती पाण्याची बारीक रेघ दिसली, आतली कडी स्वच्छ. उपाशीपोटीची साखर 212. बॅगेतल्या पाण्यात साखर असते, ती पोटातून रक्तात जाते, त्यात लग्नातले बुंदीचे लाडू. इन्सुलिन वाढवावं लागलं.

नणंद एवढा वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘मी आधीच म्हणलं हुतं, शिवणकामाचं हात. दिसभर मशीनवर बसायचं आन् तसंच उठून पट्टी करायची.’

सूनबाईनं मान खाली घातली. मुलगा म्हणाला, टँकरच्या पाण्यानं झालं असणार. आजी म्हणाल्या, लग्नात नजर लागली. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिला संशय हातांचाच आला.

म्हणून मी सूनबाईला बेसिनपाशी नेलं आणि माझ्यासमोर हात धुऊन पट्टी करायला सांगितली. बांगड्या दंडाकडे सारल्या, अंगठी काढून ओच्यात बांधली. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट, सगळं क्रमानं. स्वच्छ टिश्यूनं कोरडे केले. तोंडाला मास्क. सलाइनचा गॉज तोंडापासून बाहेरच्या बाजूला गोल फिरवत नेला, परत आत आणला नाही. मी काही चूक शोधायचा प्रयत्न करत होते आणि सापडत नव्हती.

पट्टी करता करता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘आठ दिस झालं, सिस्टर.’

आठ दिवस

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं.

मेच्या मध्यावर पुतण्याचं लग्न. घरी आजी गाऊन घालायच्या, सुनेनंच लावलेली सवय होती, नळीला सोपं पडतं म्हणून. पण चार लोकांत गाऊन कसा घालायचा? दोन दिवस त्यांनी नऊवारी नेसली. उकाड्यानं पोटावरची चिकटपट्टी सुटली होती. नळीचं बाहेरचं टोक, ज्याला बॅग जोडतात तो ट्रान्सफर सेट, नुसता लोंबत होता. वऱ्हाडाच्या टेम्पोतून उतरताना नातू कडेवर, ओचा फळीत अडकला, आणि आजींना पोटात कळ गेली. संध्याकाळी पट्टीला रक्ताचा ठिपका दिसला. आजींनी तो कुणाला दाखवला नाही. लग्नघरात कशाला बोभाटा?

दुसऱ्या दिवशी जागा हुळहुळायला लागली. भावकीतल्या एका बाईनं तेल-हळद लावली. हळदीला मी नावं ठेवणार नाही, घरोघरी लावतात. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. त्याहून वाईट म्हणजे ती पुवाचा रंग झाकते. डोळ्यांना जी एक खूण दिसायची, तीच पिवळ्यात पिवळी मिसळून गेली.

चौथ्या दिवशी पट्टी सोडताना सूनबाईला गॉजवर ओल दिसली. ती हळदीची नाही हे तिला त्याच क्षणी कळलं. माझा नंबर तिच्याकडे होता. तिनं फोन केला नाही. दिवसातून दोनदा पट्टी बदलत राहिली, जास्त वेळ हात धूत राहिली, नवसही बोलली.

‘का गं नाही केलास फोन?’

ती बोलायला तयार नव्हती. शेवटी म्हणाली, ‘तुमीच म्हनला व्हता ना, जंतू गेला तर तुमच्याच हातून जाणार.’

म्हणाले होते. प्रत्येक घरच्या माणसाला पहिल्या दिवशी मी हे वाक्य ऐकवत होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. लोक गंभीर होतात, हात नीट धुतात. हात धुतातच. पण ज्या दिवशी काही बिघडतं त्या दिवशी तेच वाक्य त्यांच्या विरुद्ध साक्षीला उभं राहतं. पू दाखवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं मीच करून ठेवलं होतं. आणि घरात नणंद बसलेली.

उपचार

त्याच दिवशी तोंडावाटे सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, किडनीच्या हिशेबानं मात्रा ठरवून. सोबत बुरशीविरोधी गोळी. अँटिबायोटिक चालू असताना पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो झाला तर नळी काढण्यावाचून गत्यंतर नसतं. घरच्यांना ही गोळी फालतू वाटते आणि ती पहिली सुटते, म्हणून मी ती औषधांच्या कागदावर लाल पेनानं लिहिते.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. टँकरच्या पाण्याचा विचार करून मला स्यूडोमोनासची धास्ती होती. तो पाण्यातला जंतू, हिरवट पू आणणारा आणि चिवट. त्याला जास्त दिवस औषध लागतं आणि तरी अनेकदा नळी जाते. स्टॅफ मात्र आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा. आजींच्या नाकातला नमुना घेतला, तिथेही तोच निघाला. म्हणजे बाहेरून कुणी आणलेला असण्यापेक्षा आजींचा स्वतःचाच असण्याची शक्यता मोठी. पाच दिवस नाकात दिवसातून दोनदा मुपिरोसिन, म्हणजे जंतू मारणारं मलम, लावलं. हे मी नणंदेच्या देखत, जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

एरवी एक-दोन आठवडे औषध पुरतं. बाहेरच्या कडीभोवतीची ती रेघ बघून डॉक्टरांनी तीन आठवडे ठरवले. तीन आठवडे योग्य औषध देऊनही जागा सुधारली नाही तर नळी बदलावी लागते. आजींच्या बाबतीत त्याचा अर्थ मानेत नळी घालून मशीनवर, तेही दोन फिस्टुला वाया गेल्यावर. हे मुलाला समजावून सांगितलं. सूनबाईला ते आधीच माहीत होतं.

पाचव्या दिवशी लाली निम्म्यावर आली. बाराव्या दिवशी दाबून पू येईना. पण तोंडाशी एक लालभडक, ओलसर कोंब उरला, हात लागला की रक्त यायचं. जखम भरताना मांस जास्त वाढलं की असं होतं. सिल्व्हर नायट्रेटच्या काडीनं तो जाळला. आजी म्हणाल्या, ‘वळू डागत्यात तसं डागलं मला.’ एकविसाव्या दिवशी औषध थांबवलं. त्यानंतर दोन महिने प्रत्येक बॅग कॅलेंडरसमोर धरायची ताकीद दिली, कारण नळीची जागा बरी दिसली तरी पुढचा महिना-दोन महिना पोटाच्या आतल्या संसर्गाचा धोका वाढलेला राहतो.

लुगडं नेसून दाखवा

जंतू सापडला, बरा झाला. पण फट पडली कशी हे मला पटत नव्हतं. टेम्पोतली एक ओढ हे कारण पुरेसं होतं खरं, तरी दुसऱ्या भेटीला मी आजींना लग्नातली नऊवारी बरोबर आणायला सांगितली. पडद्यामागे जाऊन नेसल्या. बाहेर आल्यावर त्यांना स्टुलावर बसवलं आणि नळीच्या तोंडावर बोट ठेवायला गेले तर बोट कमरेच्या गाठीवर टेकलं. गाठीखाली नळी.

पाच मिनिटं मी काही बोलले नाही.

नळी बसवताना तोंड कुठे काढायचं ती खूण आम्ही केली होती आजींना टेबलावर आडवं झोपवून, दवाखान्याच्या सैल झग्यात. आडवं झोपल्यावर पोट सपाट होतं आणि खूण छान जागी दिसते. चार बाळंतपणं झालेलं, आता वर दोन लिटर पाणी भरलेलं पोट बसल्यावर खाली उतरतं आणि तीच खूण कमरेच्या रेषेवर येते. पुरुषांना पट्टा, बायकांना परकराची नाडी, आजींना नऊवारीची गाठ. नळी बसवण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, की पट्ट्याची रेषा आणि कातडीची घडी टाळा, रुग्णाला बसवून-उभं करून बघा. मी ते वाचलेलं होतं. पण आपल्याकडे ‘पट्टा’ वाचला की पँट डोळ्यांसमोर येते. आजींना पट्टा नाही, म्हणून प्रश्न नाही, असं कुठेतरी धरून चाललो असणार.

आणखी एक धागा निघाला, तो लहान पण चीड आणणारा. नळीच्या तोंडाशी रोज लावायचं मुपिरोसिनचं मलम लग्नाच्या आधीच संपलं होतं. ही सवय या जागेचे संसर्ग टाळायला उपयोगाची, आणि ट्यूब केवढीशी, पाच ग्रॅमची. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ‘ते नाही, हे घ्या, सेमच आहे’ म्हणून दुसरी ट्यूब दिली. सूनबाईनं पिशवीतून काढून दाखवली. खाजेवर देतात ते मलम, त्यात स्टिरॉइड. दोन-तीन आठवडे ते रोज लावल्यानं कातडी मजबूत तर झाली नसणारच.

म्हणजे गाठ महिनोन्‌महिने अधूनमधून दाबत होती, मलम बदललं, पट्टी घामानं सुटली आणि मग टेम्पो. हात या यादीत कुठेच नाहीत. हे मी मुलाला आणि नणंदेला एकत्र बसवून सांगितलं. नणंद म्हणाली, ‘तसं मी काय म्हणलं न्हवतं.’ बरं.

मग काय केलं

नळीचं तोंड दुसरीकडे न्यायची शस्त्रक्रिया होते, पण जागा बरी होत असताना आजींना परत टेबलावर घेणं कुणालाच नको होतं. वाट सूनबाईनंच काढली. आजींच्या जुन्या मऊ लुगड्याचा तिनं चार बोटं रुंद पट्टा शिवला, पुढे बटणांचा, डाव्या बाजूला वरच्या अंगाला कप्पा. ट्रान्सफर सेट त्या कप्प्यात जातो. नळी तोंडापासून चारेक बोटांवर चिकटपट्टीनं कातडीला बांधून ठेवायची, जशी ती आपसूक वळते तशीच, मुरड न देता. आता चुकून ओढ बसली तर ती चिकटपट्टीला बसते, जागेला नाही. कापड सुती, घाम टिपतं, रोज धुता येतं. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांपेक्षा चांगला आहे. मी तिच्याकडून आणखी सहा शिवून घेतले, पैसे देऊन.

बाहेर जाताना आजी गाठ बेंबीच्या वर मारतात. पहिल्यांदा त्यांना ते फार विचित्र वाटलं, बायका हसतील म्हणाल्या. हसल्या असतील.

आंघोळीची पद्धत बदलली. बादलीत तांब्या बुडवून आंघोळ करताना ड्रमचं साठलेलं पाणी थेट नळीच्या तोंडावर जात होतं. आता आंघोळीपुरती जागेवर चिकटणारी पिशवी, आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या (कोलोस्टोमीच्या) रुग्णांना वापरतात ती, लावतात आणि आंघोळ झाली की लगेच काढून जागा साफ करतात. उन्हाळ्यात रोज. जागा उत्तम असेल तर आठवड्यातून किमान दोनदा साफ करणं पुरतं असं सूचना सांगतात, पण पत्र्याखालच्या मेचा हिशेब आपला आपणच करायचा. बीटाडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतायचं नाही. फेस आला की लोकांना साफ झाल्यासारखं वाटतं, पण त्यानं भरत आलेली कातडीही जळते. आणि फॅन जोडताना-सोडवताना सोडून चालू.

सूनबाईच्या वहीत एक कार्ड चिकटवलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मुपिरोसिन 2 टक्के, दुसरं चालणार नाही’. मेडिकलवाल्याला तेच दाखवायचं. एक ट्यूब उघडली की त्याच दिवशी पुढची आणायची.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. नळी बसवायच्या आदल्या दिवशी रुग्णाला घरून नेहमीचे कपडे घालून यायला सांगतो. नऊवारी, परकर, धोतर, पँट, जे असेल ते. बसवून, वाकवून, उभं करून पट्ट्याची, नाडीची, गाठीची रेषा पेनानं आखतो आणि मग तोंडाची खूण. सर्जननी पहिल्यांदा भुवया उंचावल्या. दुसऱ्या रुग्णाची रेषा आणि त्यांनी झोपवून केलेली खूण तीन बोटांनी चुकली, तेव्हापासून ते स्वतः पेन मागतात.

दुसरं म्हणजे ते वाक्य. आता पहिल्या दिवशी मी सांगते की या जागेला कधी ना कधी संसर्ग होण्याची शक्यता धरूनच चाललेलं आहे. पोटाच्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2023 साली जी मर्यादा घालून दिली तिच्यात एका रुग्णामागे वर्षाला 0.40 इतके संसर्ग धरलेले आहेत, म्हणजे अडीच वर्षांत एक. चांगल्या केंद्रांतही होतो. तुमचं काम तो शून्यावर आणणं नाही, लवकर दाखवणं आहे. ओढ बसली तर पू यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन. फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, आणि जागेशेजारी कोरा पांढरा गॉज ठेवून. पांढऱ्याच्या शेजारी पिवळं लपत नाही. या वाक्यानं लोक हात कमी धुतील अशी मला भीती होती. तसं दिसलं नाही. फोन मात्र वाढलेत, त्यातले बरेच उगाचचे. रविवारी दुपारी जेवताना कुणाच्या तरी पोटाचा फोटो बघावा लागतो.

आषाढीच्या आधी आजींचा फोन आला, स्वतःचा. ‘सिस्टर, चंद्रभागेत उतरू का?’ नाही म्हणाले. नदी, विहीर, तलाव, काही नाही. ‘पाय तरी?’ पाय चालतील. ‘डोस्क्यावर पाणी शिंपडलं तर?’ ते चालेल.

सोबत बॅगांचा खोका, मास्क, सलाइन आणि सूनबाई घेऊन त्या पंढरपूरला गेल्या. धर्मशाळेच्या एका खोलीत दार लावून बॅगा लावल्या. एकादशीला सकाळी अकरा वाजता फोटो आला. खिडकीचा उजेड, पांढरा गॉज, नळीचं तोंड कोरडं, कातडी आपल्या रंगाची. फोटोच्या कडेला सूनबाईचा अंगठा आला होता, त्यावर बुक्क्याचा काळा डाग.

मी लिहिलं, ‘जागा छान आहे. हात धुतले होते ना?’

उत्तर आलं, ‘दोनदा. बुक्का निघत न्हाई.’